काशीतील ओसायरिस

ओसायरिस म्हणजे ईश्वर आणि आयसिस म्हणजे ईशी, हे समीकरण सर विल्यम जोन्स यांनी सुचविले. त्याचा विस्तार मात्र काशीत झाला. तेथे राहणाऱ्या फ्रान्सिस विल्फर्ड यांचा, पुराणांतून नाईलचा देश शोधणारा दीर्घ निबंध १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात निघाला.

पद्धत अशी की, मिसरी-ग्रीक कथा विल्फर्ड आपल्या पंडिताला सांगत व तत्सदृश उतारे मागत. पंडिताने ते पुरविले : कोठे शब्द बदलून, कोठे कथा फिरवून, कोठे नवीच रचून. कपट उघडकीस आले तेव्हा त्याने शपथेसाठी दहा ब्राह्मण उभे केले. पुढे आठव्या खंडात विल्फर्ड यांनी हे सारे कबूल केले.

पंडिताच्या लबाडीची चर्चा पुष्कळ झाली. दोष वस्तुतः प्रश्नातच होता. ज्या नावांवर तुलना उभी, तीच मुळी ग्रीक वळणाची. शांपोलियाँने १८२२ मध्ये, म्हणजे विल्फर्ड यांच्या मृत्यूच्याच वर्षी, चित्रलिपीची किल्ली जाहीर केली. पुढे हाती आलेली मिसरी रूपे ‘उसिर’, ‘असेत’ अशी काहीशी. त्यांत ‘ईश’ कोठला? शिवाय ओसायरिस हा भावाकडून मारला गेलेला, मृतांच्या राज्यावर बसलेला देव. त्याचा सूड घेणारा पुत्र होरस. शिव तर मृत्युंजय. नामसाम्याच्या भाषांतरात हे मरणच गळते, आणि ते गळल्यावर ओसायरिसमध्ये उरते काय?

कबुली मात्र फारशी कोणी वाचली नसावी. १८६३ मध्ये स्पीकने नाईलच्या उगमावरील आपल्या ग्रंथात विल्फर्ड यांचा पौराणिक नकाशा छापला.