दयेचा अर्ज

कोर्टात निकाल लागला. शिक्षा झाली. वरच्या कोर्टानेही ती कायम केली. आता पुढे काय? गावात आपण म्हणतो, "संपलं. आता भोगायचं." पण कायद्यात आणखी एक दार ठेवलेले आहे. ते म्हणजे दयेचा अर्ज.

हा अर्ज न्यायाधीशाकडे जात नाही. तो राज्यपालांकडे किंवा राष्ट्रपतींकडे जातो. न्यायाधीश पुरावा पाहतो. इथे मुख्यतः माणूस पाहतात. त्याचे वय काय, आजार काय, किती शिक्षा भोगली, तुरुंगात वागला कसा, मागे घरी कोण आहे, हे पाहतात. राज्यघटनेच्या 161 व्या कलमाने राज्यपालांना हा अधिकार दिला आहे आणि 72 व्या कलमाने राष्ट्रपतींना. त्यांना शिक्षा माफ करता येते, कमी करता येते, फाशीची जन्मठेप करता येते. मात्र कुणाच्या एकट्याच्या मनाने हे होत नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला घ्यावा लागतो.

एक उदाहरण पाहू. आपल्या पिंपरी-चिंचवडपासून येरवडा काही लांब नाही. तिथल्या तुरुंगात 2013 साली संजय दत्त हा नट आला. लोकांना तो मोठेपणीचा नट म्हणून माहीत. पण पडद्यावर तो पहिल्यांदा आला तो लहान मुलगा म्हणून. त्याचे वडील सुनील दत्त यांनी 1971 साली 'रेश्मा और शेरा' हा चित्रपट काढला. त्यात कव्वाली गाणाऱ्यांत हा पोर बसलेला दिसतो.

पुढे 1993 साली मुंबईत बॉम्बस्फोट झाले. त्या खटल्यात याच्यावर बेकायदा शस्त्र बाळगल्याचा गुन्हा शाबीत झाला. स्फोटाच्या कटाच्या आरोपातून तो सुटला. 2007 साली सहा वर्षांची शिक्षा झाली. 21 मार्च 2013 रोजी सुप्रीम कोर्टाने ती पाच वर्षांवर आणली. त्यांतले दीड वर्ष त्याने आधीच भोगले होते. साडेतीन वर्षे उरली.

तेव्हा सुप्रीम कोर्टाचे एक निवृत्त न्यायाधीश, मार्कंडेय काटजू, पुढे आले. या माणसाला माफी द्यावी, असे त्यांनी राज्यपालांना कळवले. गंमत अशी की खुद्द संजय दत्तने जाहीर सांगितले, "मी माफी मागणार नाही." म्हणजे ज्याची शिक्षा तो मागत नाही आणि दुसराच त्याच्यासाठी मागतो. कायद्याला ते चालते. अर्ज कैद्यानेच केला पाहिजे असे नाही. तो अर्ज दोन वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. शेवटी 2015 साली राज्यपालांनी तो फेटाळला.

आणि तरी संजय दत्त 25 फेब्रुवारी 2016 रोजी, मुदतीच्या सुमारे आठ महिने आधी, बाहेर आला. गावोगाव लोक म्हणाले, "बघा, माफी मिळाली!" तसे नव्हते. ती माफी नव्हे, ती सूट. कैदी नेमून दिलेले काम करतो, नियमाने वागतो, त्याबद्दल तुरुंगाच्या नियमांप्रमाणे काही दिवस कापले जातात. तो तुरुंगात कागदी पिशव्या करीत असे. सूट ही तुरुंगाच्या वहीतली गोष्ट, माफी ही राजभवनातली. बोलताना लोक दोन्हींना माफीच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

काटजूंनी आपल्या म्हणण्यासाठी एका जुन्या खटल्याचा दाखला दिला होता. 1959 साली मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी आपल्या बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. त्यांना जन्मठेप झाली. 1964 साली महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. मेलेला माणूस सिंधी समाजाचा. फाळणीनंतर सिंधी लोक निर्वासित होऊन आले. आपल्या पिंपरीची सिंधी वसाहत तेव्हाचीच. त्यांना काय वाटेल, हा प्रश्न होताच. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही माफी मिळाली. आपली हरकत नाही, असे मृताच्या बहिणीने लिहून दिले, असेही सांगतात. आम्हाला या हकिकतीत ही बहीणच महत्त्वाची वाटते. दया दाखवणारा राज्यपाल असतो, पण माणूस गेलेले असते दुसऱ्याच्या घरातले. ते घर विसरून दिलेली माफी लोकांच्या गळी उतरत नाही.

इंग्रजी अमलातही असे अर्ज होत. चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी 1897 साली रँडला मारले. त्यानंतर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी मिळाली. टिळकांना सोडावे म्हणून विलायतेत अर्ज गेला. त्यावर वेदांचे पंडित मॅक्समुल्लर यांची सही होती, दादाभाई नौरोजींचीही होती. मुदत पुरी होण्याआधी, सप्टेंबर 1898 मध्ये, टिळक सुटले.

आता दुसरी बाजू. टिळकांसाठी पंडित उभे राहिले. नटासाठी न्यायाधीश उभा राहिला. पण ज्याला कुणी ओळखत नाही त्याचे काय? आणि ज्याला पूर्वी सगळे ओळखत होते, पण आता कुणीच ओळखत नाही, त्याचे काय? अमेरिकेत बॉबी ड्रिस्कॉल नावाचा बालनट होता. लहानपणीच त्याला सिनेमातले मोठे बक्षीस मिळाले. 'पीटर पॅन'ला आवाज त्याचाच. मोठा झाल्यावर काम मिळेना. पोरगा अफूसारख्या नशेच्या पदार्थांच्या नादी लागला, त्यापायी शिक्षाही झाली. 1968 साली न्यूयॉर्कच्या एका ओस पडलेल्या घरात तो मेलेला सापडला. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. प्रेत कुणी ओळखले नाही, म्हणून बेवारशांच्या जागेत पुरले. हा कोण होता, ते बोटांच्या ठशांवरून पुढच्या वर्षी कळले.

संजय दत्तच्याच खटल्यात मुंबईची एक सत्तरीची बाई होती. तिलाही शस्त्रांच्या बाबतीत पाच वर्षांची शिक्षा झाली. काटजूंनी तिच्यासाठीही दया मागितली, हे त्यांचे चांगलेच. पण वर्तमानपत्रात नटाचा फोटो रोज यायचा. बाईचा किती वेळा आला?

म्हणून ओळखीपाळखीची वाट पाहू नये. अर्ज साधा लिहावा. कैद्याचे नाव, खटला, शिक्षा किती, भोगून किती झाली, आणि दया का करावी ते खरेखरे. आजार असेल तर डॉक्टरचा कागद जोडावा. कैद्याने आपला अर्ज तुरुंग अधीक्षकामार्फत पाठवावा. फाशीच्या शिक्षेत मात्र मुदत कडक आहे. नव्या कायद्याने, जो 1 जुलै 2024 पासून चालू झाला, वरच्या कोर्टाचा निकाल अधीक्षकाने कळवल्यापासून 30 दिवसांत अर्ज करावा लागतो. तो कैद्याला करता येतो, त्याच्या नातेवाइकालाही करता येतो.

लिहिता येत नसेल, वकिलाला पैसे नसतील, तरी अडत नाही. तुरुंगातल्या माणसाला, आणि कोणत्याही बाईला, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. ते कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर 15100 हा नंबर फिरवावा. अर्ज दिला की त्याची पोच घ्यावी आणि ती पोच घरात जपून ठेवावी. वर्षभराने विचारायला गेलात, तर तीच दाखवावी लागते.