खटक्यातली ठिणगी

दिवाळीच्या साफसफाईला व्हॅक्यूम क्लीनर माळ्यावरून खाली उतरतो आणि नेमका तेव्हाच रुसतो. लातूरच्या एका वाचकानं विचारलंय: बटण चार-पाचदा दाबावं तेव्हा मशीन सुरू होतं. मेकॅनिक म्हणतो, ‘स्विच काढून डायरेक्ट करून देतो, भिंतीवरूनच चालू-बंद करा.’ करू द्यावं का?

‘डायरेक्ट’ हा उपाय लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादेपर्यंत सगळीकडे चालतो. कुलर असो, मिक्सर असो, स्विच गेला की डायरेक्ट. पण स्विच काढला तरी त्याचं काम उरतंच. ते भिंतीवरच्या बटणाच्या गळ्यात पडतं, आणि ते बटण ६ अँपिअरचं असलं तर थोड्याच दिवसांत तेही तापायला लागतं.

कारण वीज चालू करण्यापेक्षा ती तोडणं अवघड. १४०० वॉटचा क्लीनर २३० व्होल्टवर सहा अँपिअरच्या आसपास घेतो. सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. मोटरच्या वेढ्यांत चुंबकीय ऊर्जा साठलेली असते. कासरा ओढला तरी भरधाव बैलगाडी दोन हात पुढे जातेच, तसा हा प्रवाह थांबायला तयार नसतो. स्विचच्या आतले धातूचे पॉइंट एकमेकांपासून सुटले की मधल्या फटीतली हवाच वाहक होते आणि हजारो अंशांची ठिणगी पेटते. दर वेळी पॉइंटवरच्या चांदीचा एखादा कण उडतो. त्यात आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, आणि डाळ मिलच्या शेजारी घर असलं तर टरफलांचा बारीक भुसा. पायानं दाबायच्या बटणाच्या कडेनं हे सगळं आत उतरतं आणि ठिणगीत भाजून निघतं. मेकॅनिक ‘कार्बन धरलाय’ म्हणतो तो हाच.

ठिणगीवरचा उतारा १८८४ सालचा आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचा जॉन हेन्री होम्स हा क्वेकर पंथाचा अभियंता. त्याच गावात जोसेफ स्वाननं विजेचा दिवा लावून दाखवला होता, त्यामुळे स्वानचं नाव पुस्तकांत येतं, एडिसनचं तर येतंच. होम्सचं कुठे दिसत नाही. मला हा अन्याय वाटतो. दिवा लावणाऱ्यांचा एवढा गौरव, मग तो रोज सुखरूप विझवता येईल अशी सोय करणाऱ्याचा का नाही? त्या काळचे स्विच हाताच्या गतीनं उघडत. हात रेंगाळला की ठिणगीही रेंगाळे, पॉइंट जळत. होम्सनं मध्ये स्प्रिंगची करामत बसवली. तुम्ही बटण कितीही सावकाश दाबा, ठरावीक जागेपर्यंत काहीच होत नाही. मग स्प्रिंग उसळते आणि पॉइंट झटक्यात दूर जातात. तोडण्याचा वेग माणसाच्या हातात ठेवलाच नाही! आजही ‘खट्’ आवाज येतो तो या उसळीचा.

आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगीला विझायची आयती संधी मिळते. एकाच दिशेनं वाहणाऱ्या डीसी विजेला ती सवलत नाही, म्हणून सोलर पॅनेलच्या वायरवर घरातला साधा स्विच कधी लावू नये.

आता दुरुस्ती. आधी प्लग उपसून काढा. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, वायरिंग उलटं असलं तर आत फेज राहतो. मग क्लीनरचं बटण सावकाश दाबून पाहा. उसळी जाणवली नाही, बटण मऊ पडलं असलं, तर स्प्रिंग संपली.

मल्टिमीटरच्या ‘बीप’वर मात्र फार विसंबू नका. मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो; पॉइंटचा रोध २ ओहम असला तरी तो खुशाल वाजतो. पण तिथून ६ अँपिअर गेले तर सहाचा वर्ग गुणिले दोन, म्हणजे ७२ वॉट उष्णता, तीही ज्वारीच्या दाण्याहून लहान जागेत. प्लॅस्टिक वितळणारच. ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं घासायचा मोहही टाळा. चांदीचा थर निघून गेला की खालचं तांबं हवेत काळवंडतं आणि दुखणं वाढतं. स्विच बदलणं हाच इलाज.

नवा घेताना त्याच्या अंगावरचा आकडा वाचा. १६(४) असं छापलेलं असलं तर १६ हा आकडा इस्त्री-गिझरसारख्या साध्या भारासाठी, मोटरसाठी कंसातला ४. दुकानदार १६च सांगणार. आपल्या क्लीनरला कंसातला आकडा निदान सहाचा, शक्यतो आठचा हवा.

‘एवढी कटकट कशाला, स्मार्ट प्लग लावा’ असा सल्लाही हल्ली मिळतो. त्याच्या आत एक छोटा रिले, म्हणजे विजेनं हलणारा स्विच, असतो आणि रिलेतही तेच पॉइंट, तीच ठिणगी. सुरुवातीच्या झटक्यानं ते पॉइंट एकमेकांना डकले, तर मोबाइलवर ‘बंद’ दिसत राहतं आणि मोटर फिरत राहते.