जड गाडी हाताळताना

मुलगा नोकरीला लागला आणि हप्त्यावर बुलेट घ्यायची म्हणतो, असे आता अनेक घरांतून ऐकू येते. हौस जरूर असावी. पण स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, तर ३५० सीसीच्या बुलेटचे सुमारे १९५ किलो. गिअरच्या मोटारसायकलचा परवाना दोन्हींना एकच चालतो, वेगळी परीक्षा नाही. म्हणून शिकण्याची जबाबदारी आपली आपणच घ्यावी लागते.

पहिल्या दिवशी रस्त्यावर जाऊ नये. मैदानात इंजिन बंद ठेवून गाडी ढकलावी, वळवावी, स्टँडवर लावावी. ढकलताना ती किंचित आपल्या कमरेकडे कललेली असावी. पलीकडे कलली तर सावरत नाही.

जड गाडीचा तोल बहुधा अगदी हळू चालताना जातो. वळताना नजर चाकावर नको, जायचे तिकडे हवी. क्लच अर्धा धरून मागचा ब्रेक हलकेच दाबावा. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला की गाडी आडवी होते. सरळ रस्त्यावर मात्र दोन्ही ब्रेक एकत्र, जोर वाढवत दाबावेत.

गाडी पडूच लागली तर धरून ठेवू नये, बाजूला व्हावे. उचलताना इंजिन बंद करून, पाठ सीटला टेकवून पायांच्या जोरावर उचलावी. कमर धरली तर रोजी बुडते.

आईला, पत्नीला मागे बसवण्याआधी काही आठवडे एकट्याने सराव करावा. हेल्मेट दोघांनाही हवे. पत्रा ठोकून सरळ करता येतो. घरचा कमावता माणूस पुन्हा मिळत नाही.