बाळाच्या मुठीचा ठसा: फजिती का होते आणि धोका कुठे असतो

बाळाच्या तळहाताचा किंवा पावलाचा ठसा जपून ठेवण्याची हौस परदेशातील मराठी घरांतही दिसू लागली आहे. बारशाला किंवा उष्टावणाला भारतातून आजी-आजोबा आलेले असतात. परतताना त्यांच्या सामानात नातवंडाच्या इवल्या हाताची प्रतिकृती द्यावी, हा त्यामागचा जिव्हाळा. संचाच्या खोक्यावर पाचही बोटे सुटी असलेला देखणा पंजा असतो. प्रत्यक्षात हाती येतो तो बहुधा एक ओबडधोबड गोळा, आणि सोबत आपादमस्तक माखलेले बाळ. यात आईवडिलांच्या हस्तकौशल्याचा दोष फारसा नसतो. बाळाचे शरीर आणि साच्याचे द्रव्य या दोहोंचे स्वतःचे नियम आहेत. ते समजून घेतले, तर फजितीबरोबर काही गंभीर धोकेही टळतात.

मूठ उघडत का नाही?

तान्ह्या बाळाच्या तळव्याला काहीही टेकले की बोटे त्याभोवती मिटतात. हा हट्ट नसून जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती साधारणपणे चार ते सहा महिन्यांत ओसरते. पावलाच्या पुढच्या भागावर दाब पडताच पायाची बोटे आत वळतात, ही क्रिया त्याहूनही अधिक काळ टिकते. मऊ मातीवर पंजा दाबणे म्हणजे मूठ आवळण्याची आज्ञाच देणे होय. जोर वाढवावा तितकी मूठ घट्ट होते. याउलट, हाताच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवल्यास मूठ सैलावते. पोट भरलेल्या, गाढ झोपलेल्या बाळाची बोटेही सैल असतात.

अल्जिनेटची घाई

त्रिमितीय प्रतिकृतीच्या संचात बहुधा अल्जिनेटची भुकटी असते. तपकिरी समुद्रशैवालातून मिळणारे हे द्रव्य दंतवैद्य दातांचे साचे घेण्यासाठी वापरतात. भुकटीत कॅल्शियमचा क्षार मिसळलेला असतो. पाणी पडताच दोहोंची अभिक्रिया सुरू होते आणि काही मिनिटांत मिश्रणाचे रबरासारखे जेल बनते. पाणी जितके उबदार, तितका हा वेळ कमी. बाळाला गार लागू नये म्हणून चांगले कोमट पाणी घेतले जाते आणि बाळाची बाही वर सरकवेपर्यंत मिश्रण भांड्यातच आळते. पत्रकात दिलेल्या तापमानाचेच पाणी घ्यावे आणि एकाने बाळाला धरून तयार ठेवल्यावरच दुसऱ्याने भुकटी कालवावी.

साचा मिळाल्यावरही विसंबून चालत नाही. अल्जिनेटमधले पाणी निघून जाऊ लागले की साचा आकसतो. म्हणून प्लॅस्टर लगेच ओतावे. ओतताना हवा अडकली, तर नेमके एखाद्या बोटाचे टोक नाहीसे होते. थोडे प्लॅस्टर आधी ओतून साचा तिरका फिरवावा आणि हलकेच आपटावा. उरलेले प्लॅस्टर सिंकमध्ये मात्र ओतू नये. ते पाण्याखालीही घट्ट होते आणि नळीत दगडासारखे बसते.

प्लॅस्टर थेट त्वचेवर नको

एक चूक मात्र केवळ फजितीवर थांबत नाही. जिप्सम तापवून त्यातील बरेचसे पाणी काढून टाकले की प्लॅस्टर ऑफ पॅरिस तयार होते. पाणी मिसळल्यावर ते पुन्हा जिप्सम होते आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. थर जाड असेल, तर तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात २००७ साली शाळेच्या कलावर्गात एका सोळा वर्षांच्या मुलीने आपले हात प्लॅस्टरच्या भांड्यात ठेवले. प्लॅस्टर घट्ट झाले, हात निघेनात, आणि गंभीर भाजल्यामुळे तिला आपली बहुतेक बोटे गमवावी लागली. बाळाची त्वचा तर याहून नाजूक असते. त्वचेला अल्जिनेटचाच स्पर्श व्हावा. प्लॅस्टर बाळ बाजूला नेल्यानंतर, रिकाम्या साच्यातच पडावे. कोरडी भुकटीही बाळापासून दूर, दुसऱ्या खोलीत कालवावी.

मीठ आणि शेंदूर

घरगुती म्हणून निर्धोक वाटणारी मिठाची कणीकही जपून वापरावी. तिच्यात साधारणतः दोन वाट्या मैद्याला एक वाटी मीठ असते. वर्षाच्या आतील बाळाला दिवसाला एक ग्रॅमहून कमी मीठ पुरते, असे ब्रिटनची आरोग्यसेवा सांगते. आणि या वयात हाताला लागलेले सारे काही तोंडात जाते. शिवाय मीठ हवेतील ओल शोषते. आखाती किनाऱ्यावर किंवा कोकणच्या पावसाळ्यात असा ठसा मऊ पडून बुरसटू शकतो.

पांढऱ्या वस्त्रावर कुंकवाची पावले उमटवण्याची कल्पना आपल्याला जवळची वाटते. परंतु अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली अमेरिका व भारतातील दुकानांमधून घेतलेल्या शेंदराच्या नमुन्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक नमुन्यांत शिसे आढळले होते. शिशाची कोणतीही मात्रा बालकांसाठी सुरक्षित मानली जात नाही. शेंदूर किंवा घटक ठाऊक नसलेले कुंकू बाळाच्या पावलांना लावू नये. त्वचेला शाई न लागता ठसा उमटवणारी, बाळांसाठीची शाईपट्टी वापरावी.

मूठ ही मूठच असू द्यावी

पहिल्या काही महिन्यांत पंजाचा आग्रहच सोडावा. अल्जिनेटमध्ये मिटलेली मूठ सहज बुडते आणि तिच्यावरच्या वळ्या, नखे, मनगटाचा खळगा सारे स्पष्ट उतरते. पसरलेला पंजा हवा असेल, तर सहा महिन्यांनंतर पुन्हा प्रयत्न करता येतो. प्रतिकृती आजी-आजोबांच्या सामानात ठेवण्यापूर्वी मात्र काही दिवस उघड्या हवेत वाळू द्यावी. वरून कोरडे दिसणारे प्लॅस्टर आतून ओले असते; घाईने रंग लावून गुंडाळले, तर पुण्या-नाशिकला पोहोचेपर्यंत त्याला डाग पडलेले असतात. त्यामुळे ठशाचा बेत पाहुणे निघण्याच्या आदल्या दिवशी आखू नये. किमान एक आठवडा हाताशी ठेवावा.