गाऱ्हाणे आणि ठराव

सकाळची वेळ आहे. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सार्वजनिक नळापाशी घागरी, कळशा आणि बादल्या यांची रांग लागली आहे. नळाची धार करंगळीहून बारीक आहे. रांगेतील प्रत्येक जण कुरकुरतो. ‘पाणी सोडणारा झोपला असेल,’ असे कोणी म्हणतो. ‘आपल्या गल्लीला विचारतो कोण?’ असे दुसरा म्हणतो. तासाभराने पाणी बंद होते, रांग मोडते आणि कुरकूरही विरून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग, तीच धार आणि तीच कुरकूर!

असे का व्हावे? घराचे छप्पर गळू लागले, तर घरातील माणसे पाऊस थांबण्याची वाट पाहत स्वस्थ बसत नाहीत. कारण ते घर आपले आहे, हे त्यांना ठाऊक असते. गल्लीतील नळ, गटार, रस्ता आणि दिवा ही मात्र कोणा एकाची नसतात. जे सर्वांचे असते, त्याची काळजी दुसरा कोणीतरी घेईल, असे प्रत्येकास वाटते. आणि म्हणून ती कोणीच घेत नाही.

या सामाईक गोष्टींची काळजी वाहावी, यासाठीच नगरपालिका असते. मोठ्या शहरात तिला महानगरपालिका म्हणतात. खेड्याचे नुकतेच शहर होऊ लागले असेल, तर तेथे नगरपंचायत असते. नगरपालिका ही कोणी उपकार म्हणून चालविलेली धर्मशाळा नव्हे. घरपट्टी, पाणीपट्टी यांसारख्या करांतून आणि सरकारी अनुदानातून तिचा खर्च चालतो, आणि अनुदानाचा पैसाही अखेर लोकांचाच असतो. ज्याच्या नावावर घर नाही, असा भाडेकरूसुद्धा भाड्याच्या रूपाने घरपट्टीत भर घालीतच असतो. तेव्हा आपल्या वस्तीचे गाऱ्हाणे नगरपालिकेपुढे मांडणे, ही याचना नव्हे. तो नागरिकाचा हक्क आहे.

परंतु हा हक्क लोकांना आयता मिळालेला नाही. मुंबई शहराचेच उदाहरण घ्या. १८६५ साली झालेल्या कायद्याने मुंबईचा कारभार एका आयुक्ताच्या हाती आला. त्याच्यावर देखरेख करणारे ‘जस्टिस ऑफ द पीस’ हे गृहस्थ सरकारने नेमलेले असत. लोकांनी निवडलेला त्यांत एकही नसे. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले आयुक्त मोठे उत्साही होते. त्यांनी रस्ते, गटारे आणि मंडया यांची पुष्कळ कामे केली. पण खर्चही भरमसाट वाढला. कर द्यावयाचा लोकांनी, आणि तो कोठे खर्च होतो हे विचारण्याची सोय मात्र त्यांना नाही, अशी ही स्थिती होती. १८७१ साली करदात्यांचा असंतोष उघडपणे प्रकट झाला. त्या वेळी फिरोजशहा मेहता या तरुण बॅरिस्टरांनी एक मार्मिक विचार मांडला. एका अधिकाऱ्यास दोष देऊन दुखणे बरे होणार नाही. करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधीच कारभारावर देखरेख करावयास हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १८७२ साली नवा कायदा झाला. नगरसभेच्या ६४ सभासदांपैकी ३२ सभासद करदात्यांनी निवडावेत, असे त्याने ठरविले. हा विजय अपुरा होता. कारण ठरावीक रकमेइतका कर भरणाऱ्यांनाच मताचा अधिकार होता, गरिबांना तो नव्हता. तरीही कारभाराचे दार किंचित उघडले, ते लोकांनी ठोठावले म्हणूनच.

दार उघडले, तरी आत जाऊन काय बोलावे, हेही कळावे लागते. कुरकूर आणि गाऱ्हाणे यांत मोठा फरक आहे. कुरकूर शेजाऱ्यापाशी केली जाते. गाऱ्हाणे ज्याच्या हाती उपाय आहे, त्याच्यापुढे मांडले जाते. ‘आमच्या भागात पाणी नीट येत नाही,’ एवढेच लिहिले, तर वाचणाऱ्यास काहीच उमगत नाही. कोणता भाग? किती दिवसांपासून? कोणत्या वेळी? त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिलेला अर्ज पाहा : ‘शाळेमागील गल्लीतील सार्वजनिक नळास गेल्या तीन आठवड्यांपासून सकाळी सहा ते सात या वेळेत अतिशय कमी दाबाने पाणी येते. एक घागर भरण्यास दहा मिनिटे लागतात. या नळावर चाळीस घरे अवलंबून आहेत. नळापासून वीस पावलांवर रस्त्यास सतत ओल दिसते. तेथे नळी फुटली असावी. तरी पाहणी करून दुरुस्ती व्हावी, ही विनंती.’ या अर्जात राग नाही, दूषणे नाहीत. परंतु एकही शब्द वाया गेलेला नाही. त्याखाली चाळीस घरांतील माणसांच्या सह्या असतील, तर तो अर्ज एकट्याचा राहत नाही. ते एका वस्तीचे म्हणणे होते.

असा अर्ज कार्यालयात दिला, की आवक नोंदवहीत त्याची नोंद होते आणि त्यास क्रमांक मिळतो. अर्जदाराने त्याची पोच न विसरता घ्यावी. कारण पुढे चौकशी करताना हा क्रमांकच उपयोगी पडतो. नंतर अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे जातो. अभियंता किंवा त्याचा साहाय्यक जागेवर जाऊन पाहणी करतो. दुरुस्ती लहान असेल, तर काम तेथेच उरकते. सगळी जुनी नळवाहिनीच बदलावयाची असेल, तर मात्र खर्चाचा अंदाज करावा लागतो. असा मोठा खर्च नगरपालिकेच्या सभेपुढे किंवा तिच्या समितीपुढे मांडला जातो. तेथे त्या भागाचा नगरसेवक वस्तीची बाजू मांडतो. सभेने मान्यता दिली म्हणजे ठराव होतो. मग निविदा मागवून काम दिले जाते. एका गल्लीतील बारीक धारेची गोष्ट अशा रीतीने साऱ्या शहराच्या सभेत पोहोचते. यात वेळ जातो, हे खरे. पण लोकांच्या पैशाचा हिशेब राहावा, यासाठी यांतील बहुतेक पायऱ्या आवश्यक असतात.

ठराव झाला म्हणजे सर्व काही झाले, असे मात्र समजू नये. ठराव कागदावर असतो. पाणी घागरीत यावे लागते. या दोहोंमधील अंतर किती मोठे असू शकते, हे महाडच्या इतिहासावरून दिसून येते.

महाड हे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गाव. तेथील चवदार तळे नगरपालिकेच्या ताब्यात होते. गावातील इतर लोक त्याचे पाणी भरीत. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला तेथे मज्जाव होता. ते याच गावचे रहिवासी होते, तहान त्यांनाही तीच होती. पण सार्वजनिक पाणी त्यांच्यासाठी नव्हते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावेत, असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि तो संमत झाला. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे लोटली. ठराव दप्तरात होता. परंतु तळ्यावर जाऊन पाणी भरण्याची सोय कोणास नव्हती, कारण रूढीचा धाक ठरावाहून बलवान होता.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या परिषदेस जमलेले लोक शिस्तीने तळ्याकडे निघाले. डॉ. आंबेडकरांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले आणि इतरांनीही त्यांचे अनुकरण केले. नगरपालिकेने जे कागदावर मान्य केले होते, तेवढेच त्यांनी प्रत्यक्षात आणले. परंतु त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांवर गावात हल्ले झाले आणि पुष्कळांना मार बसला. ‘तळे बाटले’ म्हणून त्याच्या शुद्धीचा विधीही करण्यात आला. एवढेच नव्हे, तर त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. काही लोकांनी, तळे खाजगी आहे, असे म्हणून न्यायालयात दावा लावला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा होता. पण न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यामुळे डॉ. आंबेडकरांनी तो स्थगित केला आणि कायद्याच्या मार्गाने लढा चालू ठेवला. हा लढा सुमारे दहा वर्षे चालला. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या बाजूने निकाल दिला.

ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! महाडच्या लोकांचे दुःख गल्लीतील नळाच्या तक्रारीहून फार मोठे होते. या दोहोंची बरोबरी करता येणार नाही. परंतु त्यांच्या धैर्याने प्रत्येक नागरिकास एक गोष्ट शिकविली आहे : नगर जर सर्वांचे असेल, तर त्यातील प्रत्येक वस्तीचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, आणि ऐकले गेल्यावर ते प्रत्यक्षात उतरेपर्यंत पाठपुरावा झाला पाहिजे.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. १९५० साली संविधान अमलात आले, आणि अस्पृश्यता पाळणे बेकायदेशीर ठरले. मताचा अधिकार आता कर भरण्यावर अवलंबून नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास तो आहे. १९९२ साली झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना संविधानात स्थान मिळाले. त्यांच्या निवडणुका दर पाच वर्षांनी व्हाव्यात आणि एक-तृतीयांशाहून कमी नाहीत इतक्या जागा स्त्रियांसाठी राखाव्यात, असे तिने सांगितले. महाराष्ट्रात स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. पाण्याच्या रांगेत बहुधा स्त्रियाच उभ्या असतात. तेव्हा पाण्याचा निर्णय जेथे होतो, तेथेही त्या असणे उचितच नव्हे काय? २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यामुळे अर्जाचे पुढे काय झाले, हे विचारता येते. आणि त्याचे उत्तर सामान्यतः तीस दिवसांत द्यावे लागते.

इतकी साधने हाती असूनही नळापाशी नुसती कुरकूरच चालत असेल, तर दोष केवळ नगरपालिकेचा म्हणता येणार नाही. नागरिकाचेही काही कर्तव्य असते. कर वेळेवर भरणे, नळ उघडा न टाकणे, गटारात केरकचरा न लोटणे, या गोष्टी जो करतो, त्याच्या गाऱ्हाण्यास वजन येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. स्वतःच्या दारचे गाऱ्हाणे सर्वांनाच दिसते. परंतु टेकडीच्या उतारावरील ज्या वस्तीत नळच पोहोचलेला नाही, तिच्यासाठी अर्जावर सही करणारा खरा नागरिक होय.

मतदानाचे वय होईपर्यंत मुलांनाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. गल्लीत किती घरे आहेत, हे ती मोजू शकतात. पाणी केव्हा येते आणि केव्हा जाते, याची टिपणे ठेवू शकतात. ज्या आजोबांना अक्षर लावता येत नाही, त्यांना अर्ज वाचून दाखवू शकतात. उद्या सकाळी नळापाशी पुन्हा रांग लागेल. त्या रांगेत एखाद्या मुलाच्या हाती वही आणि पेन्सिल असेल, तर कुरकुरीचे गाऱ्हाणे होण्यास तेथूनच प्रारंभ होईल.