अकरावीच्या अर्जातलं पहिलं नाव

दहावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत दुपारपर्यंत पेढे वाटून होतात. संध्याकाळी मात्र घरोघरी एकच विषय, "आता अकरावीला कुठे?"

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. गुणपत्रिका घ्यायची, एसटी पकडायची आणि कॉलेजच्या खिडकीवर रांग लावायची. अलिबागचा एक फॉर्म, मुरूडचा एक, जमलं तर आणखी एखादा. भिंतीवर यादी लागली की कुठे कुठे नाव आलंय ते बघायचं आणि मग घरात बसून ठरवायचं. मुंबईत ही रांग २००९ सालीच गेली, तिथे अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. आपल्या किनाऱ्यावरच्या तालुक्यांत मात्र खिडकी चालूच होती. २०२५-२६ पासून सगळ्या महाराष्ट्रालाच एक पद्धत लागू झाली आणि श्रीवर्धनच्या मुलीलाही मुंबईच्या मुलीसारखाच अर्ज भरावा लागला.

त्या वर्षी सुरुवातीलाच गोंधळ झाला. निकाल १३ मे रोजी लागला. २१ तारखेला नोंदणी सुरू व्हायची तर संकेतस्थळच बंद पडलं. मग २६ मेपासून अर्ज भरणं सुरू झालं आणि पहिली यादी आली ती थेट २८ जूनला. आपल्याकडे हे दिवस कसे असतात हे मी वेगळं सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर, घरात येणारा पैसा थांबलेला आणि बाहेर पाऊस.

माझ्या ओळखीच्या एक बाई मासळी विकतात. साळावच्या पुलापलीकडे त्यांचं गाव. त्यांच्या मुलीला ८१ टक्के मिळाले. तिला कॉमर्सला जायचं होतं, तेही अलिबागला. गावातल्या दोन मुली आधीपासून तिकडे जात होत्या, सोबत होती. अर्ज भरायला मायलेकी सायबर कॅफेत गेल्या. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, पहिलं नाव पनवेलच्या मोठ्या कॉलेजचं टाकूया. लागलं तर नशीब, नाही तर खाली अलिबाग आहेच." बाईंना ते पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं असतं. चार ठिकाणी फॉर्म भरा आणि मग निवडा, हीच आपली जुनी सवय.

पहिल्या यादीत मुलीला पनवेल लागलं.

नियम असा, की पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. मग शेवटी सर्वांसाठी खुली फेरी निघेल तेव्हाच पुन्हा संधी. दुसऱ्यापासून दहाव्यापर्यंतचं कॉलेज लागलं तर ते नाकारून पुढच्या फेरीची वाट बघता येते. पहिल्याचं तसं नाही. पहिलं नाव म्हणजे आपण दिलेला शब्द.

पनवेलला रोज जाणं-येणं शक्य नव्हतं आणि वसतिगृहाला पैसे नव्हते. बाई सुके बोंबील आणि जवळा विकून घर चालवत होत्या. मुलगी महिनाभर घरात बसून राहिली. शेजारणी म्हणायला लागल्या, "राहू दे ना आता, दहावी झाली तेवढं पुष्कळ." माझ्या पोटात गोळा आला तो हे ऐकून. मुलीचं शिक्षण असंच सुटतं. कोणी 'शिकू नको' म्हणत नाही, एक पावसाळा घरात जातो आणि मग तिला घराचीच सवय होते.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास खुल्या फेरीत तिला अलिबाग मिळालं. पण कॉमर्सच्या जागा तोवर भरल्या होत्या, तिने आर्ट्स घेतलं. मी स्वतः आर्ट्सची पदवीधर, त्या शाखेला मी कमी लेखणार नाही. पण ती तिने निवडलेली नव्हती, एवढंच.

गंमत बघा, जागा कमी होत्या असंही नाही. त्या वर्षी राज्यात अकरावीच्या सुमारे २१ लाख जागा होत्या आणि नोंदणी केलेली मुलं त्याहून बरीच कमी. जागा पुष्कळ आहेत, पण ती आपल्या एसटीच्या वाटेवर असायला हवी!

म्हणून मैत्रिणींनो, अर्ज भरायला जाण्याआधी एक संध्याकाळ लेकीसोबत बसा. कोरा कागद घ्या आणि तिलाच विचारून नावं लिहा. कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा. दहा भरलीच पाहिजेत असं नाही. प्रत्येक नावापुढे पहिली एसटी किती वाजता, परतीची शेवटची किती वाजता, हे लिहा. जिथे खरोखर पाठवणार आहात, तेच पहिलं. घाई करू नका. मुदतीत भरला म्हणजे झालं, आधी भरणाऱ्याला आधी जागा असं काही नसतं. कॉम्प्युटर गुण, प्रवर्ग आणि पसंतीक्रम बघतो. आणि वरचं नाव हुकलं म्हणून खालच्या कॉलेजात आपला नंबर मागे जात नाही, तेव्हा मनातला क्रम बिनधास्त लिहा.

जातीचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. अर्जात मोबाईल नंबर घरचाच द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. तुकडी अनुदानित आहे का, हेही विचारा. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे, स्वयंअर्थसहाय्यित तुकडीत फी भरावी लागते. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पासही मोफत मिळतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती. हे ठाऊक नसल्यामुळे 'परवडत नाही' म्हणणाऱ्या आया मी पाहिल्यात.

त्या बाई परवा बाजारात भेटल्या. पुतणीचा दहावीचा फॉर्म भरला म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत पाटीतली मासळी निवडता निवडता म्हणाल्या, "ताई, या खेपेला पहिलं नाव आमी घरातच ठरवणार. आणि पोरीला इचारून."

मी पापलेटचा भाव करायचंही विसरले.