काळ्या बिअरला बर्बनची चव : परवाना आधी, पिंप नंतर



बर्बन म्हटलं की आपल्याला आधी चॉकलेटचं बिस्किट आठवतं. त्या बिस्किटात व्हिस्कीचा थेंबही नसतो. खरी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की. घरी केलेल्या काळ्या बिअरला तिची चव कशी द्यायची, याचे व्हिडिओ नेटवर भरपूर आहेत. ते बघून एखाद्याला वाटतं, भांडगावला शेडमध्ये वीस लिटर करावी आणि सोलापूर हायवेच्या ढाब्यांना द्यावी.

थेट सांगतो, हा धंदा करू नका. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. विकायचं सोडा, घरच्यापुरतं केलं तरी. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बिअरला सूट मिळाली, म्हणून तिकडची माणसं बिनधास्त कॅमेऱ्यासमोर बनवतात. आपण व्हिडिओ त्यांचा बघतो, पण केस आपल्यावर होते.

मग हा विषय घेतला कशाला? कारण या चवीमागचा धंदा शिकण्यासारखा आहे.

चव येते लाकडातून

अमेरिकेच्या नियमाप्रमाणे बर्बनमध्ये किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक लाकडाच्या भांड्यात ठेवावी लागते. नव्या म्हणजे नव्याच. एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही. मग त्या रिकाम्या पिंपांचं करायचं काय? स्कॉटलंडचे व्हिस्कीवाले ती घेतात. आपल्या गोव्यात पॉल जॉनची व्हिस्कीही अशा पिंपांत मुरते. शिकागोच्या गूस आयलंडने 1990 च्या दशकात त्यात काळी स्टाउट बिअर भरली आणि बिअरचा एक नवा प्रकारच उभा राहिला.

एकाचं टाकाऊ, ते दुसऱ्याचा कच्चा माल. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

जळालेल्या ओकमधून व्हॅनिला, खोबरं, कॅरॅमल अशी चव उतरते. काळ्या बिअरमध्ये भाजलेल्या जवामुळे कॉफी-चॉकलेटची चव आधीच असते. दोन्हीची जोडी जमते. हलक्या, पिवळ्या बिअरमध्ये हीच चव अंगावर येते.

पिंप नसेल तर?

परवाना असलेल्या छोट्या ब्रूअरीत लहान बॅच करायची तर ओकचे तुकडे बर्बनमध्ये भिजवतात आणि आंबवणं संपल्यावर बिअरमध्ये सोडतात. 20 लिटरला साधारण 30 ते 50 ग्रॅम. पण सगळं एकदम ओतत नाहीत. आधी 100 मिलीचे चार ग्लास भरतात. एक तसाच ठेवतात, बाकीच्यांत 1, 2 आणि 3 मिली बर्बन घालून चाखतात. समजा दीड मिली बरोबर वाटली, तर 20 लिटरला 300 मिली.

आता हिशोब. 750 मिलीची बाटली 3,000 रुपयांना धरली, तर 300 मिलीचे झाले 1,200 रुपये. म्हणजे लिटरमागे 60 रुपये, 330 मिलीच्या बाटलीमागे जवळपास 20 रुपये. शिवाय 7 टक्क्यांची बिअर साडेसात टक्क्यांच्या आसपास जाते, म्हणजे लेबल बदललं. चव वाढवली की खर्च आणि कागद दोन्ही वाढतात. मसाला असो, लोणचं असो, नियम हाच.

पुण्यात कायदेशीर करून दाखवलंय

2009 मध्ये पुण्यात डूलालीने मायक्रोब्रूअरी सुरू केली, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी एक. पुण्याच्याच मूनशाइन मीडरीने मधापासून मीड बनवलं, आणि त्यात बर्बन-ओकची चव दिलेलं सफरचंदाचं मीडही काढलं. बघा, चव तीच, पण परवाना हातात घेऊन. असं काही करायचं असेल तर पहिली फेरी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात मारा. भांडी नंतर घ्या.

भांडगावात बसून काय करता येईल?

एवढं भांडवल सगळ्यांकडे नसतं, मान्य. पण आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आहेत आणि काकवी आहे. काळ्या बिअरमध्ये काकवीसारखे गडद गोड पदार्थ जगभर वापरतात. बेकरीला पण लागतात. ब्रूअरीला कच्चा माल पुरवायला ब्रूअरीचा परवाना लागत नाही. अन्नपदार्थाची एफएसएसएआय नोंदणी मात्र हवी. तुमची कसोटी एकच : दर वेळी तोच रंग, तोच दाटपणा, तीच चव. गाळून स्वच्छ भरा, बॅच नंबर टाका.

या आठवड्याचा गृहपाठ : दोन गुऱ्हाळांवरून अर्धा-अर्धा लिटर काकवी आणा, शेजारी ठेवून चाखा, फरक लिहा. मग पुण्यातल्या एका ब्रूअरीला आणि एका बेकरीला फोन करून विचारा, "नमुना पाठवू का?"

नाही म्हणाले तरी खर्च फक्त एका फोनचा. हो म्हणाले तर धंद्याची पहिली पायरी चढलात!

भेटू पुढच्या व्हिडिओत.